‘योयो’ आणि संग्राहकाचा विवेक

काही कलाकृती काळाच्या ओघात विस्मृतीत जातात आणि काही एखाद्या करारनाम्यातील कलमामुळे लोकांच्या दृष्टीआड होतात. या दुसऱ्या प्रकारच्या कलाकृतींचा इतिहास रसिक समीक्षकाने जितक्या आस्थेने लिहावा, तितक्याच आस्थेने दिवाणी वकिलानेही लिहावा, अशा योग्यतेचा असतो. पिएर एतेक्स या फ्रेंच नट-दिग्दर्शकाचा ‘योयो’ हा चित्रपट या दुसऱ्या वर्गातला आहे. १९६५ साली कान येथील महोत्सवाच्या स्पर्धेत तो दाखवला गेला. पुढे त्याचा कर्ता हयात असताना, इतकेच नव्हे तर हाती कुंचला आणि डोक्यात नव्या कल्पना घेऊन रोज कामाला बसत असताना, तो चित्रपटगृहांतून दिसेनासा झाला आणि दीर्घकाळ तसाच राहिला. आणि अखेर न्यायालयाच्या निकालानंतर, २०१० साली, एतेक्सच्या इतर चित्रपटांसह तो पुनश्च पडद्यावर आला. प्रस्तुत पुस्तिकेचे प्रयोजन दुहेरी आहे. या अल्पपरिचित कौटुंबिक हास्यपटाची मराठी वाचकाला ओळख करून द्यावी हे एक, आणि त्याची भित्तिपत्रके, छायाचित्रे, फिती, पुस्तके व तबकड्या जमवण्याची ज्यांना हौस आहे त्यांना त्या हौशीचे बरेवाईट समजावून सांगावे हे दुसरे.

हे दोन हेतू एकमेकांना पूरक आहेत असे सामान्यतः मानले जाते. ज्याला चित्रपट आवडतो तो त्याच्या वस्तू जमवतो, आणि ज्याने वस्तू जमवल्या त्याला चित्रपट आवडतच असला पाहिजे, असा आपला भोळा समज असतो. ‘योयो’च्या बाबतीत हा समज टिकत नाही, कारण हरवलेली वस्तू पुन्हा मिळवण्याची धडपड हाच या चित्रपटाचा विषय आहे आणि त्या धडपडीवर त्यात जो निर्णय दिला आहे तो संग्राहकाला सुखावणारा नाही. एखाद्या हास्यपटाने आपल्याच भावी संग्राहकांची इतक्या आधी आणि इतक्या प्रेमळपणे परीक्षा घेऊन ठेवावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि या प्रस्तावनेचा सारा भर तिच्यावरच आहे.

प्रथम कर्त्याविषयी. एतेक्सचा जन्म २३ नोव्हेंबर १९२८ रोजी ल्वार नदीकाठच्या रोआन या गावी झाला. तरुणपणी त्याने रंगीत काचचित्रांच्या आलेखनाचे शिक्षण घेतले होते, आणि ज्या कलेत प्रत्येक तुकडा आधी कागदावर रेखून, मापून, मगच शिशाच्या पट्टीत बसवावा लागतो, त्या कलेचे संस्कार त्याच्या विनोदावर अखेरपर्यंत राहिले. त्याच्या चित्रपटांतील प्रत्येक युक्ती आधी रेखाटनात जन्म घेई. पॅरिसला आल्यावर नियतकालिकांसाठी चित्रे काढणे आणि रात्री छोट्या रंगमंचांवर मूकाभिनयाचे प्रवेश करणे, असा त्याचा दुहेरी चरितार्थ चालू असता १९५४ साली त्याची झाक तातीशी गाठ पडली. तातीने त्याला ‘माझा मामा’ या आपल्या चित्रपटाच्या कामावर घेतले. तेथे तो रेखाटने करी, विनोदाच्या जागा सुचवी, साहाय्यक म्हणून राबे. आणि १९५८ साली चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्याचे भित्तिपत्रकही त्याच्याच हातचे होते. संग्राहकांच्या बाजारात आज तातीच्या नावाने ज्या कागदांना मान आहे त्यांतील काही कागद वस्तुतः एतेक्सच्या हातचे आहेत, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतलेली बरी.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात दुसरा माणूस आला, तो झां-क्लोद कारिएर. तातीच्या दोन चित्रपटांच्या कथा कादंबरीरूपाने प्रसिद्ध करण्याचे काम प्रकाशकाने या तरुण लेखकाकडे सोपवले आणि त्या पुस्तकांना चित्रे काढण्याचे काम एतेक्सकडे आले. या कामातून जी मैत्री जुळली तिने पुढे एतेक्सच्या साऱ्या महत्त्वाच्या चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या. भारतीय वाचकाला कारिएरचे नाव निराळ्या संदर्भात ठाऊक असेल: पीटर ब्रूक याने १९८५ साली आव्हिन्यों येथे एका दगडाच्या खाणीत रात्रभर चालणारे जे ‘महाभारत’ रंगवले, त्याची नाट्यसंहिता कारिएरची होती. लुई बुन्युएलसारख्या कठोर दिग्दर्शकाचा तो सहलेखक, व्यासांच्या लक्ष श्लोकांना नऊ तासांत बसवणारा तो नाटककार. आणि त्याच लेखणीने आरंभीच्या काळात एक विदूषक दारातून आत कसा येतो आणि दार कसे कुरकुरते याची टिपणे केली होती. विनोदाला हलकी विद्या मानणाऱ्यांनी ही जोडी अवश्य विचारात घ्यावी.

एतेक्स व कारिएर यांनी आधी दोन लघुपट केले. त्यांपैकी १९६२ सालच्या दुसऱ्या लघुपटात, लग्नाच्या वाढदिवशी जेवायला घरी पोहोचू पाहणारा नवरा पॅरिसच्या वाहतुकीत अडकतो आणि तिकडे बायको एकटीच जेवण संपवून झोपी जाते, एवढीच गोष्ट आहे. त्याला १९६३ साली अमेरिकेचे ऑस्कर मिळाले. त्यानंतरच्या ‘उमेदवार’ या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला लुई देल्युक पारितोषिक लाभले. अशा रीतीने नावलौकिक झाल्यावर, निर्माता पोल क्लोदों याच्या पाठबळावर, एतेक्सने आपल्या लहानपणापासूनच्या सर्कशीच्या वेडाला वाट करून दिली. त्यातून ‘योयो’ जन्माला आला.

कथा सांगायची तर थोडक्यात अशी. १९२५ सालचा एक कोट्यधीश आपल्या अवाढव्य हवेलीत नोकरचाकरांच्या घोळक्यात राहतो आहे. त्याला काहीच कमी नाही, म्हणून त्याला काहीच करमत नाही. मेजाच्या खणात एका स्त्रीचे छायाचित्र आहे. ते पाहणे हाच त्याचा एक खरा उद्योग. एके दिवशी हवेलीत एक फिरती सर्कस येते. तिच्यातली घोडेस्वारीण ही ती छायाचित्रातली स्त्री निघते, आणि तिच्याबरोबर विदूषकाच्या वेशातला जो लहान मुलगा असतो तो त्याचा स्वतःचा मुलगा निघतो. सर्कस निघून जाते. १९२९ साली शेअरबाजार कोसळतो, कोट्यधीश कफल्लक होतो, आणि मग तो आपल्या त्या स्त्रीला व मुलाला गाठून त्यांच्या फिरत्या गाडीत बसतो. गावोगाव खेळ करीत हे त्रिकूट हिंडते. मुलगा मोठा होतो, ‘योयो’ नावाने प्रसिद्ध विदूषक बनतो, युद्ध येते आणि जाते. आणि शांततेच्या काळात आपली मिळकत तो एका ध्यासापायी ओतू लागतो: बापाची पडकी हवेली पूर्वीसारखी उभी करायची. ती उभी राहते. झुंबरे लागतात, पाहुणे जमतात, दूरचित्रवाणीच्या जमान्यातला हा नवा धनिक सोहळा मांडतो. म्हातारे आईबाप आपली गाडी घेऊन फाटकापर्यंत येतात, आणि आत न येता निघून जातात. मग सोहळ्यात एक हत्ती शिरतो आणि योयो त्याच्या पाठीवर बसून आपल्याच हवेलीतून पसार होतो.

बाप व प्रौढ मुलगा या दोन्ही भूमिका एतेक्सने केल्या आहेत. घोडेस्वारिणीच्या भूमिकेत क्लोदीन ओझे आहे, जी त्याच वर्षी जेम्स बाँडच्या ‘थंडरबॉल’ चित्रपटात नायिका होऊन जगभर पोहोचली. लहान योयो फिलिप दियोने याने केला आहे, आणि छायाचित्रण झां बोफेती याचे आहे. एकाच नटाने बापलेक साकारले ही वरवर पाहता नटाची हौस वाटते. परंतु कथेच्या अखेरीस तिचा अर्थ उलगडतो. ज्या कंटाळ्यातून सर्कशीने बापाला सोडवले, तोच कंटाळा मुलगा मोठ्या खर्चाने परत विकत घेतो, आणि चेहरा एकच असल्यामुळे ही गोष्ट एकाही पात्राला बोलून दाखवावी लागत नाही.

या चित्रपटाची जी करामत जाणकारांना विशेष वाटते ती त्याच्या आरंभीच्या भागात आहे. कथा मूकपटांच्या काळात सुरू होते, म्हणून तो भाग मूकपटाच्याच रीतीने रचला आहे: पात्रे बोलत नाहीत आणि मजकूर पाट्यांवर येतो. परंतु ज्या अर्थाने जुने मूकपट मुके होते त्या अर्थाने हा भाग मुका नाही. माणसांचा आवाज तेवढा काढून घेतला आहे आणि वस्तूंचा आवाज ठेवला आहे, किंबहुना वाढवला आहे. दारांची कुरकुर, बुटांची करकर, खण ओढल्याचा घसरा, असे ध्वनी त्या प्रचंड दालनांत एकेकटे उमटतात आणि ज्या घरात वस्तूच बोलतात, माणसे बोलत नाहीत, त्या घराचे दारिद्र्य श्रोत्याच्या कानावर आदळते. मग १९२९ साल येते. त्या वर्षाच्या पाटीत शेअरबाजाराचे कोसळणे आणि चित्रपटाला वाचा फुटणे या दोन घटना शेजारी शेजारी येतात, आणि तेथून पुढे चित्रपट बोलू लागतो. संपत्ती गेली आणि बोलणे आले: इतिहासातील योगायोगाचा इतका नेमका उपयोग करून घेणारा दुसरा हास्यपट मला ठाऊक नाही.

त्याच भागातील एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. कोट्यधीशाला कुत्रे फिरवायला न्यायचे आहे. तो पायऱ्या उतरतो, वाट पाहणाऱ्या मोटारीत बसतो, कुत्र्याची साखळी खिडकीतून बाहेर धरतो, आणि मोटार संथपणे हवेलीच्या आवारात चक्कर मारू लागते. कुत्रे शेजारून चालते. कुत्र्याचा व्यायाम होतो, मालकाचा रिवाज पाळला जातो, आणि कोणाचाही चेहरा हलत नाही. प्रेक्षक हसतो तो या गांभीर्यामुळे. एतेक्स कधीही विनोदाला टाळी मागत नाही. चौकटीच्या एका कोपऱ्यात गंमत घडवून तो दुसरीकडे पाहत राहतो, आणि ज्याची नजर चुकली त्याने चित्रपट पुन्हा पाहावा, अशी त्याची अपेक्षा असते. हा गुण मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो, कारण मुले पडद्याच्या मधोमधच पाहावे असा दंडक मानीत नाहीत. कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याचा चित्रपट असे याला जे म्हणायचे ते याच कारणाने: आजोबांना जुने मूकपट आठवतात, आईबापांना हवेलीचे कर्ज दिसते, आणि मुलांना हत्ती दिसतो, तिघांचेही पाहणे बरोबर ठरते.

फिरतीच्या दिवसांतला दुसरा एक प्रसंग खास चित्रपटवेड्यांसाठी आहे. हे कुटुंब एका गावात खेळ लावायला येते, तो तेथे आधीच झाम्पानो व जेल्सोमिना यांच्या खेळाची जाहिरात लागलेली असते. म्हणून ते मुकाट्याने पुढच्या गावाला जाते. ही दोन नावे फेलिनीच्या १९५४ सालच्या ‘ला स्त्रादा’तील पात्रांची आहेत. एका दिग्दर्शकाच्या काल्पनिक खेळियांनी दुसऱ्याच्या काल्पनिक खेळियांचा धंदा बुडवावा, यात इटालियन गुरुबंधूला केलेला नमस्कारही आहे आणि जागेसाठी होणाऱ्या व्यावसायिक चुरशीची खरीखुरी जाणीवही आहे.

फिरत्या सर्कशीचे हे जग मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली आपली सर्कस काढली तेव्हापासून तंबू, जनावरे, रेल्वेचे डबे आणि गावोगावचे मुक्काम यांची एक मोठी परंपरा महाराष्ट्रात निर्माण झाली; आणि पुण्याचे दामू धोत्रे हे वाघसिंहांचे शिक्षक तर आल्फ्रेड कूर या नामांकित फ्रेंच पशुशिक्षकाच्या हाताखाली काम करून पुढे अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत गाजले. तंबूतल्या माणसाला घर म्हणजे काय वाटते, हा ‘योयो’ने विचारलेला प्रश्न आपल्याकडच्या शेकडो कुटुंबांनी प्रत्यक्ष जगून पाहिलेला आहे.

एतेक्सचे पुढचे आयुष्य त्याच्या चित्रपटाने आधीच सांगून ठेवल्यासारखे घडले. १९६९ साली त्याचे लग्न आनी फ्रातेलिनीशी झाले. पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत ज्या तीन फ्रातेलिनी बंधूंनी एक पिढी हसवली, त्यांतल्या पोलची ती नात. त्याच वर्षीच्या ‘महाप्रेम’ या चित्रपटात ती त्याच्या पत्नीच्याच भूमिकेत आहे. त्यात झोपेतल्या माणसांचे पलंग मोटारींप्रमाणे रस्त्यावरून धावू लागतात तो स्वप्नप्रसंग एतेक्सच्या कीर्तीचा आधारस्तंभ मानला जातो. १९७१ साली त्याने सुट्टीवर आलेल्या सामान्य फ्रेंच लोकांविषयी एक बोचरा वृत्तपट केला आणि त्याच्यावर टीकेचा असा भडिमार झाला, की चित्रपटाचा धंदा त्याला जवळजवळ बंद झाला. नवराबायको सर्कशीच्या रिंगणात उतरली, आणि सत्तरीच्या दशकातच त्यांनी सर्कशीची शाळा काढली. योयो हत्तीवर बसून हवेलीबाहेर गेला होता. त्याच्या कर्त्याला परिस्थितीने त्याच वाटेने नेले, आणि त्याने ते तक्रार न करता स्वीकारले.

आता त्या करारनाम्याकडे येऊ. या शतकाच्या पहिल्या दशकात एतेक्स व कारिएर यांनी आपल्या जुन्या चित्रपटांच्या वितरणाचे हक्क एका कंपनीला लिहून दिले. कराराचा हेतू चित्रपट पुन्हा लोकांपुढे यावेत हाच होता. परंतु उभयपक्षी वाद उपस्थित झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि हक्क कोणाचे याचा निर्णय होईपर्यंत चित्रपट कोणीच दाखवू शकेना. २००७ साली ‘योयो’ची दुरुस्त केलेली प्रत ग्रुपामा गां प्रतिष्ठानाने तयार करून कानला दाखवली, तरीही सामान्य चित्रपटगृहांचे दार बंदच राहिले. मग सह्यांची मोहीम निघाली, हजारो प्रेक्षकांनी व अनेक नामांकित कलावंतांनी अर्जावर सह्या केल्या, आणि २००९ साली पॅरिसच्या न्यायालयाने कर्त्यांच्या बाजूने निकाल दिल्यावर हे बंधन सुटले. एतेक्सचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते. स्वतः देखरेख करून त्याने सर्व चित्रपट दुरुस्त करून घेतले; २०१० च्या उन्हाळ्यात ते फ्रान्समध्ये पुन्हा प्रदर्शित झाले, त्याच वर्षी त्यांच्या डीव्हीडींचा संच निघाला, आणि २०१३ साली अमेरिकेतील क्रायटेरियन या संस्थेने आपला संच काढला. १४ ऑक्टोबर २०१६ रोजी एतेक्स वारला तेव्हा त्याचे काम जगाच्या हाती पोहोचलेले होते.

चित्रपट नाहीसे होण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांचा भेद संग्राहकाने नीट समजून घ्यावा. धुंडिराज गोविंद फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच आज शिल्लक आहे, आणि २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा जो साठा भस्मसात झाला तो कोणत्याही न्यायालयाला परत देता येणार नाही, नायट्रेट ही फीतच मुळी ज्वालाग्राही असते. तातीचा ‘जत्रेचा दिवस’ निराळ्या प्रकारे हरवला होता: तो रंगीत चित्रित केला, पण त्या रंगपद्धतीच्या प्रती काढण्याचे तंत्रच सिद्ध न झाल्याने १९४९ साली तो कृष्णधवल रूपात बाहेर आला आणि त्याचे रंग १९९५ पर्यंत दिसले नाहीत. ‘योयो’ ना जळला, ना तंत्राने फसला. त्याची दुर्मिळता सर्वस्वी कागदी होती; म्हणून ती कागदावरच्या एका निकालाने संपली.

यातून संग्राहकासाठी पहिला धडा निघतो. चित्रपटाशी निगडित दुर्मिळता दोन प्रकारची असते: वस्तूची आणि दर्शनाची. वादाच्या वर्षांत ज्याच्याजवळ ‘योयो’ची दूरचित्रवाणीवरून उतरवून घेतलेली एखादी पुसट फीत असेल, त्याला आपण खजिन्यावर बसलो आहोत असे वाटले असेल, आज त्या फितीला भंगाराची किंमत आहे, कारण तिच्यात जे होते ते स्वच्छ व पूर्ण रूपात सर्वांना मिळते. याउलट १९६५ च्या प्रदर्शनासाठी छापलेले मूळ भित्तिपत्रक तेव्हाही दुर्मिळ होते आणि आजही आहे. दर्शनाची दुर्मिळता अशी संपली की कोणाही प्रामाणिक रसिकाने आनंदित व्हावे. जो खिन्न होतो, त्याला चित्रपटापेक्षा इतरांचे न पाहणे प्रिय होते, असेच म्हणावे लागेल.

दुसरा धडा वस्तूंच्या तपशिलाचा आहे, आणि येथे थोडे व्यवहाराचे बोलणे प्राप्त आहे. फ्रेंच भित्तिपत्रकांचे आकार ठरलेले असत: मोठे १२० बाय १६० सेंटिमीटर, मधले ६० बाय ८०, आणि अरुंद जागेसाठी उभे ६० बाय १६०. त्या काळी ती घड्या घालून चित्रपटगृहांकडे पाठवीत. यास्तव जुन्या मोठ्या पत्रकावर घड्यांच्या रेषा असणे हा दोष मानू नये, उलट अगदी गुळगुळीत, घडी नसलेला कागद दिसला तर चौकशी करावी. फ्रान्समध्ये १८८१ च्या मुद्रणविषयक कायद्याने मुद्रकाचे नाव छापणे आवश्यक केले असल्यामुळे पत्रकाच्या कडेला बारीक अक्षरांत ते सापडते; ते वाचावे, त्याच मुद्रकाच्या त्या काळच्या इतर कामाशी ताडून पाहावे, आणि कड कापलेली असेल तर का कापली ते विचारावे. पुनर्प्रदर्शनासाठी छापलेली पत्रके निराळी असतात आणि ती मूळ म्हणून विकली जातात. फाटका कागद कापडावर चिकटवून सरळ करण्याची पद्धत सर्वमान्य आहे, पण विक्रेत्याने ती गोष्ट सांगितली पाहिजे.

भित्तिपत्रकांखालोखाल चित्रपटगृहाच्या दाराशी लावायची छायाचित्रे येतात. त्यांच्या कोपऱ्यांना टाचण्यांची भोके असली तर ती वापराची साक्ष समजावी. त्यानंतर कारिएरच्या तातीविषयक दोन कादंबऱ्यांच्या प्रथमावृत्त्या. ‘योयो’शी त्यांचा थेट संबंध नाही, परंतु एतेक्सची रेषा स्वस्तात घरी आणायची तर हाच राजमार्ग. प्रत्यक्ष फितीची रिळे कोणी देऊ केली तर दहादा विचार करावा. साठीतल्या फिती नायट्रेटच्या नसल्याने आगीचे भय नाही, पण त्यांचा आधार असलेले अॅसिटेट दमट हवेत कुजते आणि डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस दर्प येतो. तो दर्प आला की रीळ आक्रसू लागले असे समजावे आणि ते इतर रिळांपासून तत्काळ दूर ठेवावे. शिवाय रिळाचा ताबा म्हणजे प्रदर्शनाचा हक्क नव्हे. ‘योयो’चा इतिहास वाचल्यावर हे वाक्य तरी कोणाला समजावून सांगावे लागू नये.

तबकड्यांच्या संग्राहकाने एक गोष्ट विशेष पाहावी. १९६६ सालचा ‘तब्येत आहे तोवर’ हा चित्रपट एतेक्सने १९७१ मध्ये पुन्हा संकलित केला आणि त्यातला एक भाग वगळला. तो वगळलेला भाग पुढे स्वतंत्र लघुपट म्हणून २०१० च्या संचात समाविष्ट झाला. कर्त्याने स्वतःच टाकलेला तुकडा त्याच्याच संमतीने जतन व्हावा आणि मूळ व सुधारित या दोन्ही निर्णयांचा अभ्यास घरबसल्या करता यावा, ही सोय पूर्वी मोठमोठ्या चित्रपट-संग्रहालयांतील अभ्यासकांनाही दुर्लभ होती. किमतीच्या दृष्टीने हा संच सामान्य आहे. अभ्यासाच्या दृष्टीने तो सर्व भित्तिपत्रकांहून वरचढ आहे.

इतके सांगून झाल्यावर मूळ मुद्द्याकडे यावयास हवे. योयोने हवेली उभी केली तेव्हा त्याने कोणतीही लबाडी केली नाही. पैसा त्याच्या घामाचा होता, हेतू पितृप्रेमाचा होता, आणि दुरुस्ती बिनचूक होती. त्याची चूक एवढीच की, बापाने ती हवेली गमावली हे तो दुःख समजला. बापाच्या लेखी ती सुटका होती. हवेलीनंतर त्याला बायको मिळाली, मुलगा मिळाला, बोलणे मिळाले. आईबाप फाटकातून परत फिरतात त्यात राग नाही, वैराग्यही नाही. जेथे आपण सुखी नव्हतो तेथे, ती जागा कितीही झळाळली तरी, पुन्हा राहायला जाण्याचे त्यांना कारण दिसत नाही. मुलाने जे मोलाचे म्हणून जमवले आणि त्यांनी जे मोलाचे म्हणून जगले, त्या दोहोंची गाठच पडत नाही.

यावरून संग्रह करणे व्यर्थ आहे असा निष्कर्ष कोणी काढला तर तो घाईचा ठरेल. जुन्या वस्तू सांभाळणारे लोक नसते तर २०१० साली दुरुस्त करायला काही उरलेच नसते. संस्थांनी जपलेल्या फिती आणि सह्यांसाठी हिंडलेली माणसे या दोहोंच्या बळावर हा चित्रपट परत आला. मात्र त्या माणसांना काय हवे होते हे नीट पाहिले पाहिजे. त्यांनी चित्रपट मागितला तो स्वतःच्या कपाटासाठी मागितला नाही. तो चित्रपटगृहात लागावा, तिकीट काढून कोणालाही पाहता यावा, अशी त्यांची मागणी होती. संग्राहकाचा विवेक तो हाच. वस्तू हाती आल्यावर दार बंद होते की उघडते, या एका कसोटीवर त्याने आपली प्रत्येक खरेदी पारखावी. भित्तिपत्रक घेतले तर ते अशा भिंतीवर लावावे, की येणाऱ्याने हा कोणता चित्रपट म्हणून विचारावे. आणि विचारले की त्याला बसवून घ्यावे.

एतदर्थ या पुस्तिकेच्या वाचकाला माझी विनंती अशी आहे, की पुढील प्रकरणांतील आकार, आवृत्त्या व खुणा यांचे तपशील वाचण्याआधी त्याने ‘योयो’ एकदा पाहावा, आणि शक्यतो एकट्याने पाहू नये. घरातल्या वडील माणसांना व मुलांना बरोबर घ्यावे. पूर्वार्धात भाषेची अडचण जवळजवळ नाही, आणि उत्तरार्धात ती फारशी जाणवत नाही. मुलांनी मध्येच काही दाखवून हसू लागावे, तर त्यांना गप्प बसवू नये; चौकटीच्या ज्या कोपऱ्याकडे आपले लक्ष गेले नव्हते तो बहुधा त्यांनी पाहिलेला असतो. त्यानंतरही बाजारात जाऊन कागद विकत घ्यावासा वाटला तर खुशाल घ्यावा; आपण काय विकत घेतो आहोत आणि काय विकत घेता येत नाही, हे तोवर कळून चुकलेले असेल, आणि इतक्या जाणिवेने केलेल्या संग्रहाला मी तरी नावे ठेवणार नाही.